व्हायोला सिस्टरची अपेक्षा

माणसाला स्वतःबद्दल दोन पानं लिहायला सांगितली की तो एक तर थापा मारतो, नाहीतर त्याला ताप येतो. हे मी ऐकीव सांगत नाही. परळला हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. आधार कार्डाच्या प्रती, भाडेकरार, लग्नाचे बायोडाटा, नोकरीचे सीव्ही, सगळं माझ्या कीबोर्डवरून गेलेलं आहे. ज्या मुलाला स्वतःचा चहा करून घेता येत नाही, त्याच्या बायोडाटात 'मनमिळाऊ व कुटुंबवत्सल' हे मीच लिहिलेलं असतं. गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमधली पोरं येतात, त्यांच्या सीव्हीत तर 'लीडरशिप'शिवाय बात नाही. टीममध्ये दोघं असतात आणि त्यातला एक हा स्वतः. मी काही बोलत नाही. प्रिंट काढते, स्टेपल मारते आणि देते.

तर मे महिन्यातल्या एका दुपारी व्हायोला सिस्टर दुकानात आल्या. त्यांच्या आधी त्यांचा वास आला. लालबागच्या गिरणीतून वर्षभराचा, बाटल्यांत भरून ठेवायचा बाटली मसाला कुटून घेऊन त्या थेट माझ्याकडे आल्या होत्या. दोन्ही हातांत पिशव्या, डोक्यावर ऊन, आणि अंगावरचा पांढरा युनिफॉर्म मिरचीच्या पुडीनं गुलाबी झालेला. मला लागोपाठ शिंका सुटल्या.

"शिंकून घे," त्या म्हणाल्या. "आणि मग माझा सीव्ही बनव. दोन पानांचा. परवा द्यायचाय."

व्हायोला मिरांडा म्हणजे आमच्या मागच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलातल्या अपघात विभागाच्या सिस्टर इन्चार्ज. वय पन्नाशीच्या पुढे, बांधा लोखंडी कपाटासारखा, आणि आवाज असा की दारू पिऊन आलेला पेशंट तो ऐकून शुद्धीवर येतो आणि घरी जायला निघतो. राहणार प्रभादेवी. माहेर-सासर दोन्हीकडून अस्सल मुंबईच्या, म्हणजे मुंबई बेटं होती तेव्हापासून इथेच असलेल्या ख्रिस्ती घरांतल्या. आम्ही कोकणातून गिरणीत आलो, नंतर गिरण्या गेल्या आणि आम्ही राहिलो. त्या कुठूनच आल्या नाहीत. 'तुम्ही सगळे पाहुणे,' असं त्या आम्हाला हसत हसत ऐकवतात आणि वर मटणाचा डबा पाठवतात. नव्या डॉक्टरांना त्या 'बाळा' म्हणतात. एका बाळाला पहिलाच फुटलेला गुडघा बघून चक्कर आली, तर त्याला उचलून स्ट्रेचरवर टाकून त्या म्हणाल्या होत्या, "ह्याचापण केसपेपर काढा."

सीव्ही हवा होता तो असिस्टंट मेट्रनच्या जागेसाठी. नर्सेसमध्येही उतरंड असते. साधी स्टाफ नर्स, तिच्यावर वॉर्डची सिस्टर इन्चार्ज, तिच्यावर असिस्टंट मेट्रन आणि सगळ्यांच्या डोक्यावर मेट्रन. बाहेरच्याला वाटेल वरच्या जागेचं आकर्षण म्हणजे पगार, नाहीतर केबिनमधला पंखा. ते काही नाही. असिस्टंट मेट्रन ड्युटी लिस्ट लावते. कोणी कधी यायचं, कोणाला कधी रजा, हे ती ठरवते. त्या एका कागदावर हॉस्पिटलातल्या सगळ्या बायकांचे संसार चालतात.

आणि सिस्टरना ती जागा कशासाठी हवी होती, हे सगळ्या परळला माहीत होतं. नाताळसाठी.

आमच्या हॉस्पिटलात निम्म्याहून जास्त नर्सेस कोकणातल्या. गणपती आले की त्या गावाला जाणार म्हणजे जाणार. आई आजारी, घर गळतंय, काहीही कारण द्यावं लागत नाही, 'गणपती' एवढं पुरतं. नेमक्या त्याच दिवसांत इथे लालबागला दर्शनाच्या रांगेत लोकं चेंगरतात, चक्कर येऊन पडतात, कोणाचा पाय तुडवला जातो, कोणाचं म्हातारं हरवतं, आणि सगळी वरात अपघात विभागात. मग पूर्वी कधीतरी तोंडी करार झाला. गणपतीत ख्रिस्ती नर्सेसनी हॉस्पिटल ओढायचं आणि त्या बदल्यात नाताळ त्यांना द्यायचा. करार देखणा होता. फक्त त्याचा पहिलाच भाग पाळला जायचा. नाताळात शाळांना सुट्टी. मग कोणाला मुलांना घेऊन गोव्याला जायचं असतं, कोणाच्या नणंदेचं लग्न असतं. असिस्टंट मेट्रन म्हणायची, "व्हायोला, या वर्षी तेवढं सांभाळ ना, तुझ्याशिवाय कोण आहे?" या वर्षी, या वर्षी करत पंचवीसेक वर्षं गेली. त्यात चार-पाच नाताळ त्यांना मिळाले असतील, तेही आजारपणाची रजा आणि एकदा मोडलेला हात धरून.

"रिटायर व्हायच्या आधी एकदा मला त्या खुर्चीत बसून लिस्ट लावायचीय," त्या म्हणायच्या. "आणि पंचवीस डिसेंबरला स्वतःच्या नावापुढे रजा लिहायचीय. माझ्या हातानं." या वेळी नाही जमलं तर पुढची जागा निघेपर्यंत त्या निवृत्त झालेल्या असणार होत्या. त्यामुळे हा सीव्ही म्हणजे शेवटचा डाव होता.

पर्समधून त्यांनी स्वतः लिहून आणलेला कागद काढला. मी वाचला. तो असा होता: 'व्हायोला आल्बर्ट मिरांडा, स्त्री, त्रेपन्न वर्षे. शुद्धीवर. चालते-फिरते. गुडघेदुखीची तक्रार आहे. बीपी नॉर्मल. सेवेत दाखल होऊन तीस वर्षे झाली. विशेष काही नाही. पुढील शिफ्टने लक्ष ठेवावे.'

"सिस्टर, हा सीव्ही आहे की तुम्हाला अ‍ॅडमिट करायचंय?"

"मग कसं लिहितात? रोज शिफ्ट संपली की पुढचीला असंच लिहून देते मी. तीस वर्षं दुसरं काय लिहिलंय?"

बरोबरच होतं. मग त्यांनी दुसरा उपाय दाखवला. त्यांच्या पुतण्याने, आल्विनने, मोबाइलवर काहीतरी बनवून पाठवलं होतं. आल्विन त्याच टॉवरवाल्यांपैकी एक. त्याच्या इंग्रजीत सिस्टर 'डायनॅमिक' होत्या, 'रिझल्ट-ओरिएंटेड' होत्या आणि त्यांना 'पेशंट जर्नी'बद्दल 'पॅशन' होतं.

"ही बाई कोण आहे गो?" सिस्टरनी चष्मा कपाळावर सरकवत मला विचारलं. "हिला घ्या म्हणावं, मी घरी बसते."

शेवटी मी स्टूल दिलं, पंखा त्यांच्याकडे वळवला आणि पोलिसांसारखी चौकशी सुरू केली. काय केलंत? "ड्युटी." विशेष काय केलंत? "विशेष काय, ड्युटीच." कोविडमध्ये? "सगळ्यांनीच केली. मी काय एकटी होते?" मी विचारलं, किती दिवस घरी गेला नव्हतात? त्या जरा विचारात पडल्या आणि म्हणाल्या, "आल्बर्टला विचार. तो मोजत होता." आल्बर्ट म्हणजे त्यांचे मिस्टर, गोदीतून निवृत्त झालेले, बोलायला एकदम कमी. त्या काळात ते रोज संध्याकाळी हॉस्पिटलच्या गेटबाहेर रस्त्यापलीकडे उभे राहायचे. सिस्टर वरच्या मजल्याच्या खिडकीतून हात हलवायच्या आणि ते घरी जायचे. हे मी माझ्या दुकानातून रोज बघितलंय. मला ते सीव्हीत घालायचं होतं, पण कुठल्या रकान्यात घालू?

मग आला प्रमाणपत्रांचा विषय. परिपत्रकात लिहिलं होतं की प्रशिक्षण, परिसंवाद, गौरव यांची प्रमाणपत्रं जोडावीत. सिस्टरकडे एकही नव्हतं.

"एकही नाही? एवढी सेमिनारं होतात तुमच्याकडे!"

"होतात. मग त्या दिवशी वॉर्ड कोण बघणार? पोरींना पाठवायची मी. शिकतील, खातील, जरा बसतील. सेमिनारला जेवण चांगलं असतं."

माझं डोकंच फिरलं. कारण या जागेसाठी दुसरा तगडा अर्ज होता सीमा धुरीचा, आणि सीमा सिस्टरची फाइल मी स्वतः माझ्या हातांनी लॅमिनेट केली होती. सीमा मेडिसिन वॉर्डची इन्चार्ज, मूळची मालवणकडची, व्हायोला सिस्टरची जुनी मैत्रीण. कामाला वाईट नाही, पण कागद जपण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. जंतुसंसर्ग, हृदयविकार, ताणतणाव, योग, सगळ्या सेमिनारांची प्रमाणपत्रं. परिचारिका दिनाच्या रांगोळी स्पर्धेतलं उत्तेजनार्थसुद्धा होतं. आणि त्यातल्या कितीतरी सेमिनारांच्या दिवशी तिचा वॉर्ड व्हायोला सिस्टरनी आपल्या वॉर्डाबरोबर सांभाळला होता. हे मी बोलून दाखवलं तर सिस्टर मलाच ओरडल्या. "सीमाबद्दल काय बोलायचं नाय हां. तिने अर्ज केला तर तिचा हक्क आहे. तू टाइप कर."

केलं टाइप. दुकानात गर्दी, दहावीच्या मार्कशीटची झुंबड, वर सिस्टरना चारच्या ड्युटीला परत जायचं होतं. नवीन फाइल कुठे मांडत बसा? आदल्याच दिवशी मी सम्यक नावाच्या एका मुलाचा लग्नाचा बायोडाटा केला होता, तो उघडला. सुरेख चौकट, मधे ठसठशीत मथळे. सम्यकचं नाव काढून व्हायोला मिरांडा घातलं. रास, गोत्र, मामाचं गाव उडवलं. 'नोकरी'च्या जागी 'सेवा', 'छंद'च्या जागी 'अनुभव'. फोटोत सिस्टर युनिफॉर्ममध्ये, चेहरा असा की आत्ता कोणालातरी इंजेक्शन टोचणार आहेत. प्रिंट काढून त्यांच्या हातात दिली आणि मी पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

थोड्या वेळाने त्यांनी स्टुलावरूनच विचारलं, "गो रुपाली, ही शेवटची ओळ रिकामी आहे."

मी मार्कशीट मशीनमध्ये घालत होते. मान वर न करता म्हटलं, "रिकामं काही सोडू नका. सरकारी काम आहे. जे असेल ते भरा हातानं."

त्यांनी पेन मागितलं. चार मार्कशीट काढून मी वर बघितलं तर पेन ओठाला लावून त्या रस्त्याकडे बघत होत्या. मग भरभर काहीतरी लिहिलं, कागद पाकिटात घातला आणि उठल्या.

"तीस वर्षांत एवढे फॉर्म भरले," त्या पिशव्या उचलत म्हणाल्या, "पण हे कधी कोणी विचारलं नव्हतं. सुधारलं हां सरकार."

सरकार सुधारल्याचं ऐकून मला संशय यायला हवा होता. पण मार्कशीटवाले डोक्यावर बसले होते.

तीन दिवसांनी सम्यकची आई आली. मुलीकडच्यांसाठी आणखी प्रती हव्या होत्या. मी बायोडाटा उघडला, खालपर्यंत नजर टाकली आणि तिथेच अडकले. सगळ्यात शेवटी, ठळक अक्षरांत, खाली नक्षी काढलेली: 'अपेक्षा'. सम्यकची अपेक्षा होती गृहकृत्यदक्ष आणि नोकरी करणारी. तो मजकूर मी पुसला होता. मथळा तसाच राहिला होता.

दुकान उघडं टाकून मी हॉस्पिटलात धावले. अपघात विभागात सिस्टर एका माणसाच्या डोक्याला बँडेज बांधत होत्या. मी त्यांना बाजूला घेतलं आणि सांगितलं की सिस्टर, ते अपेक्षा सीव्हीत नसतं, ते लग्नाच्या स्थळात असतं.

"म्हणजे इतरांच्यात नाही?"

"कोणाच्याच नाही!"

त्यांनी मला एक शिवी हासडली, ती इथे छापता येणार नाही, पण ती ऐकून बँडेजवाला हसला. मग त्या स्वतःच हसायला लागल्या. त्यांचं सगळं अंग हलत होतं. "मेल्ये! स्थळ म्हणून धाडलंस मला?" हसता हसता एकदम थांबल्या. चेहरा उतरला. "गेलं गो मग. डीनच्या टेबलावर गेलं ते कालच. आता ते म्हणतील बाईला सीव्हीसुद्धा लिहिता येत नाही, ही काय लिस्ट लावणार."

"लिहिलंत तरी काय?"

त्यांनी सांगितलं. 'गणपतीत मी ड्युटी करते आणि यापुढेही करीन. नाताळला मला घरी बसायचे आहे. जिने गणपतीची रजा घेतली, तिने नाताळ सांभाळावा. दुसरी काही अपेक्षा नाही.'

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. चुका माझ्या दुकानात होतात, दुकान आहे ते, देव्हारा नाही. एकदा भाडेकरारात भाडेकरूला मालक करून टाकला होता, तोही निस्तरला. पण हे निस्तरणार कसं? पाकीट पोचलेलं. आणि मला सारख्या त्या स्टुलावर बसलेल्या, पेन ओठाला लावलेल्या सिस्टर दिसत होत्या. असं वाटत होतं की एका बाईने आयुष्यात पहिल्यांदा मनातलं मागितलं, तेही माझ्या आळसामुळे चुकीच्या कागदावर.

मुलाखती जूनमध्ये झाल्या. त्यात काय झालं ते मला दोन्ही बाजूंनी कळलं, कारण मुलाखत संपल्यावर सीमा आणि व्हायोला सिस्टर दोघी एकत्रच माझ्या दुकानात आल्या, समोरच्या गाडीवरचा वडापाव घेऊन. मैत्रीण आणि प्रतिस्पर्धी एकाच वेळी असायचं कसं, हे या बायकांकडून शिकावं.

आधी सिस्टरना बोलावलं होतं. पाचजण बसले होते. डीननी सीव्ही उलटापालटा करून बघितला, चौकटीवरची नक्षी बघितली, शेवटच्या ओळीवर आले आणि चष्मा काढून पुसला. शेजारच्या प्रशासकीय साहेबांनी वाकून वाचलं आणि म्हणाले, "मॅडम, पत्रिका पण जोडलीय का?" सगळे हसले. पण हसणं ओसरल्यावर डीन म्हणाले, "हे खरं आहे का? गणपतीत दरवर्षी तुम्हीच असता?" सिस्टर म्हणाल्या, "सर, मस्टर बघा." मग डीननी विचारलं, "तुम्हाला ही जागा दिली तर गणपतीतली ड्युटी कशी लावाल? दरवर्षी आमच्या तोंडाला फेस येतो."

"लिहिलंय ना सर खाली," सिस्टर म्हणाल्या. "ज्याला गावाला जायचंय त्याला जाऊ देत. देव त्यांचा आहे, अडवू नये. पण नाताळला मग त्यांनी यायचं. दोन्ही कोणाला नाय. आणि गणपतीत मी स्वतः कॅज्युअल्टीत उभी असेन, खुर्चीत नसेन."

झालं. डीनना तो प्रश्न इतका आवडला की पुढच्या प्रत्येकीला त्यांनी तोच विचारला. सीमाची जाडजूड फाइल बाजूला ठेवली आणि विचारलं, "मिसेस धुरी, असिस्टंट मेट्रन म्हणून गणपतीत काय व्यवस्था कराल?"

आता यावर कुठल्याही शहाण्या माणसाने काहीतरी थाप मारली असती. पण सीमा मालवणची. गणपतीच्या बाबतीत तिला खोटं बोलता येत नाही. ती म्हणाली, "सर, त्या दिवसांत मी गावी असेन. पण फोन चालू असतो. रेंज असली तर."

"असं बोललीस?" मी कपाळाला हात लावला.

"मगे काय बोलू?" सीमा वडापावचा घास घेत म्हणाली. "घरचो गणपती असा. आमच्या दीराक आरती धड येत नाय. पोस्टीसाठी देव सोडू? सांगितलंय खरा ता."

"येडी आहेस तू," व्हायोला सिस्टर म्हणाल्या आणि आपल्यातला अर्धा वडा त्यांनी तिच्या हातात ठेवला. मग दोघी बराच वेळ हसत होत्या. माझ्या मशीनवर कागद अडकला होता, तो मी काढत बसले.

जुलैमध्ये ऑर्डर आली. व्हायोला मिरांडा, असिस्टंट मेट्रन. लोकांनी माझ्या दुकानाचं नाव काढलं. त्यानंतर महिनाभर पोरं येऊन 'तो अपेक्षावाला फॉरमॅट' मागत होती. मी देत नव्हते.

गणपतीत सिस्टर बोलल्याप्रमाणे अपघात विभागात उभ्या राहिल्या. नवा युनिफॉर्म, कमरेला नवा पट्टा, आणि आवाज तोच. मी एकदा नातेवाइकांना घेऊन रांगेत गेले होते, येताना आत डोकावले. त्या एका तरुण पोराला झापत होत्या, "दोन दिवस काय खाल्लं नाय आणि रांगेत उभा राहिलास? बाप्पाने सांगितलं होतं?" आणि एका हातानं त्याला ग्लुकोजचं पाणी पाजत होत्या. सीमा गावाला गेली होती. फोन लागत नव्हता.

खरी लढाई डिसेंबरात झाली. लिस्ट बोर्डावर लागली तेव्हा जिन्याजवळ बायकांची ही गर्दी. गणपतीला गेलेल्या सगळ्यांची नावं नाताळच्या आठवड्यात. कुरबुर सुरू झाली. कोणाची गोव्याची तिकिटं काढलेली, कोणाच्या भावाचा साखरपुडा. प्रीती नावाची एक नवी नर्स जरा मोठ्यानं बोलली, "आपल्या माणसांसाठी नियम केला बाईने." सीमा तिथेच उभी होती, आणि तिचं स्वतःचं नाव पंचवीस तारखेला सगळ्यात वर होतं. ती फिरली. "गप गो! इतकी वर्सा माका गावाक कोणी धाडल्यान? तुझ्या आवशीन?" लिस्टच्या तळाशी असिस्टंट मेट्रनच्या स्वतःच्या नावापुढे 'रजा' लिहिलेलं होतं, निळ्या शाईत, जरा मोठ्या अक्षरात.

नाताळच्या जेवणाला त्यांनी मला बोलावलं. प्रभादेवीच्या आतल्या गल्लीत त्यांचं जुनं बैठं घर आहे. दारावर कागदी तारा, आत व्हिनेगर आणि मसाल्याचा वास. आल्बर्ट अंकल, आल्विन, त्याची बायको मेगन आणि त्यांची सहा-सात वर्षांची सॅशा, एवढीच माणसं. सिस्टर गडद लाल ड्रेस घालून सोफ्याच्या कडेवर बसल्या होत्या, मुलाखतीला बसल्यासारख्या. इतक्या वर्षांत मी त्यांना युनिफॉर्मशिवाय असं नीट पाहिलंच नव्हतं. ओठांना लिपस्टिक होती आणि ती कुठे ठेवावी हे ओठांना कळत नव्हतं.

सॅशा सकाळपासून त्यांच्याभोवती फिरत होती म्हणे. मी आल्यावर तिने पुन्हा विचारलं, "आंटी, तू आजारी आहेस का?"

"नाय गो बाळा. सुट्टी आहे."

"मग काढून टाकलं तुला?"

मी हसले. सिस्टर पण हसल्या, पण उठून स्वयंपाकघरात गेल्या. मी मागोमाग गेले. त्यांना अंकलना मदत करायची होती. त्यांनी एक कपाट उघडलं, त्यात डाळी होत्या. दुसरं उघडलं, त्यात औषधं. "आल्बर्ट, ते मोठे प्लेट कुठे असतात, नाताळचे?" अंकल मटण ढवळत होते. न वळता म्हणाले, "तू बस ना. तुला नाय सापडायचं. मी बघतो." चांगल्या मनानंच म्हणाले ते. पण सिस्टर उघड्या कपाटासमोर तशाच उभ्या राहिल्या. त्या घरात नाताळ कसा होतो, ते त्यांना माहीत नव्हतं. केक कोण कापतं, वाइन कुठल्या पेल्यात, गाणी कधी. सगळं त्यांच्याशिवाय बसलेलं होतं. त्या परत येऊन सोफ्यावर बसल्या आणि उगाच फोन बघू लागल्या. मी काहीबाही बडबड केली, कोणी ऐकली नाही.

जेवण तयार झालं. टेबल मांडतील असं मला वाटलं होतं. पण अंकलनी फळीवरून चार पुडांचा स्टीलचा डबा काढला आणि भरायला घेतला. मटण, मैद्याचे तळलेले गोल फुगे, भात, वरच्या पुडात केक. मेगनने थर्मास भरला. सॅशाने न सांगता बूट घातले. आल्विनने कागदी प्लेटांची पिशवी काखेत मारली. कोणी कोणाला काही विचारत नव्हतं, सगळ्यांचे हात आपोआप चालले होते.

"कुठे निघालात?" मी आल्विनला हळूच विचारलं.

"हॉस्पिटलला. दर नाताळला आम्ही आंटीच्या वॉर्डच्या पँट्रीत जेवतो ना, उभ्यानं, तिला दहा मिनिटं मिळतात तेव्हा. त्याशिवाय घरात कोणी..." आणि तो तिथेच थांबला. त्याच्या लक्षात आलं. त्याने सोफ्याकडे बघितलं.

पण अंकल पुढे गेले होते. एका हातात डबा, दुसऱ्या हातात किल्ल्या, दार उघडून उंबऱ्यात उभे, पाठ आमच्याकडे.

"चला रे लवकर," ते म्हणाले. "व्हायोला वाट बघत असेल."

सिस्टर सोफ्यावरून उठल्या. ज्या आवाजानं बेवडे शुद्धीवर येतात तो आवाज कुठेच नव्हता.

"आल्बर्ट," त्या म्हणाल्या, "मी घरी आहे रे."

अंकल वळले. आधी त्यांच्याकडे बघितलं, मग हातातल्या डब्याकडे. किल्ल्या त्यांच्या हातातून खाली पडल्या, त्या कोणी उचलल्या नाहीत. ते बूट न काढताच आत आले, सिस्टरना परत सोफ्यावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. मग त्यांनी डबा मांडीवर ठेवला आणि कडी काढली.